कोल्हापूर-मुंबई विमान : डावी खिडकीच घ्या (कुणाचं वेगळं मत असलं तर बोला)

उजळाईवाडीचा_वारा : पुढच्या महिन्यात आईला पहिल्यांदा विमानात बसवतोय, सकाळच्या फ्लाइटनं मुंबईला. आजवर सहा-सात वेळा गेलोय, त्यावरनं सांगतो : जाताना डावी, येताना उजवी. विमान वायव्येकडं जातं, म्हणजे डावीकडं पश्चिम. पन्हाळा, वारणेचं चांदोली धरण, मग कोयनेचा शिवसागर. पाणी डोंगरात शिरून बोटं पसरल्यासारखं दिसतं. त्यापलीकडं सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण. उजवीकडं काय आहे? ऊस.

कराडचा_पाव्हणा : उसाला नावं ठेवू नका राव. उजवीकडं कृष्णेचं अख्खं खोरं आहे, कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आहे. पुढं कास पठार, महाबळेश्वर, धोमचं पाणी, सगळं उजवीकडंच. डावीकडं डोंगर एके डोंगर.

उजळाईवाडीचा_वारा : प्रीतिसंगम तेवढ्या वरनं? दुर्बीण घेऊन बसता काय ओ?

कराडचा_पाव्हणा : दोन नद्यांच्या पाण्याचा रंग पावसाळ्यानंतर वेगळा असतोय, बघणाऱ्याला दिसतंय.

फोटोवाली_ताई : दोघंही डोंगर मोजताय, सूर्य कोण बघणार? खिडकीवर ऊन थेट आलं की काचेवरचे सगळे ओरखडे चकाकतात, फोटोत फक्त धुरकट पांढरं येतं. सकाळी मुंबईला जाताना ऊन उजवीकडं, म्हणून डावी. संध्याकाळी तीच डावी बाजू बाद. एक फायदा अजून : खाली ढग असतील तर सावलीच्या बाजूला विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर लोक ज्या इंद्रवज्रासाठी ताटकळतात, तेच. मला एकदा पाचेक मिनिटं दिसलं, शेजारचे काका झोपलेले.

रनवे_शेजारी : तुम्हा सगळ्यांचा हिशोब हवेतला. आपला रनवे साधारण पूर्व-पश्चिम, आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं. वारा पश्चिमेचा असला की पश्चिमेकडं उडणार आणि मग उजवीकडं वळणार. वळताना उजवा पंख खाली जातो, म्हणजे गाव आणि रंकाळा उजवीवाल्यांना. डावीवाल्यांना निव्वळ आभाळ. वारा पूर्वेचा असला तर सगळं उलटं. आदल्या दिवशी कुणाला सांगता येतंय?

उजळाईवाडीचा_वारा : वळण दोन मिनिटांचं भावा, घाट अर्ध्या तासाचा.

रनवे_शेजारी : पण आपलं गाव त्या दोन मिनिटांतच दिसतंय.

उजळाईवाडीचा_वारा : (हे मात्र खरं, मान्य.)

जागा_मिळेल_तिथं : मी जादा पैसे भरून खिडकी घेतली होती. बसलो तर शेजारी भिंत! खिडकी अर्धी पुढच्याची, अर्धी मागच्याची. कंपनीचं नाव घेत नाही. सरळ रेषेत 300 किलोमीटर, तासाभराचा प्रवास, त्यात एवढा खल कशाला? मधल्या वाटेकडची जागा घ्या, पाय पसरा.

फोटोवाली_ताई : पाय एसटीत पसरा की. आणि बाजू ठरवण्याआधी विमान कुठलं ते बघा. एटीआरला (पुढं फिरणारे पंखे असलेलं छोटं विमान) पंख वर असतो, खालचं सगळं मोकळं. फक्त मधल्या खिडक्यांतनं पंखा आणि चाकं मधे येतात. ते उडतंही जेटपेक्षा खालनं. एम्ब्रेअरला (छोटं जेट) पंख खाली, मधे बसलात तर तासभर पत्राच बघायचा. तिथं अगदी पुढं किंवा अगदी मागं.

कराडचा_पाव्हणा : आणि मुंबईत पूर्वेकडनं उतरलं तर पवई तलाव उजवीकडं, हेही लिहून ठेवा.

उजळाईवाडीचा_वारा : लिहिलं. पण आईला पवईशी देणंघेणं नाही, तिला जोतिबा बघायचाय. मी नकाशावर विमानतळापासनं मुंबईपर्यंत रेघ ओढली, तर डोंगर जवळजवळ रेघेखालीच येतोय.

रनवे_शेजारी : मग विमान रेघेनंच गेलं तर कुठल्याच खिडकीतनं दिसणार नाही. पोटाखाली राहणार.

उजळाईवाडीचा_वारा : तेच तिला सांगितलं आणि घोटाळा झाला. म्हणते, देवाच्या डोक्यावरनं जायचं? बसनंच जाऊया. कालपासनं समजूत काढतोय. शेवटी डावीकडच्या दोन जागा काढल्या, खिडकी तिला. एका अटीवर तयार झाली : विमान उडायच्या आधी चपला काढून ठेवणार, आणि मीही काढायच्या.