ली बायच्या कवितेत गाऱ्हाणं आहे कुठे?

खिडकीची_सीट
चिनी कवी ली बायची (701–762) 'जेडच्या पायऱ्यांचं गाऱ्हाणं' ही कविता बोरिवलीपासून दादरपर्यंत परत परत वाचत होते. मूळ चिनीत अवघी 20 अक्षरं. गोषवारा असा: जेडच्या (मौल्यवान दगडाच्या) पायऱ्यांवर पांढरं दव साचतंय, रात्र चढली तसे रेशमी मोजे भिजले, मग स्फटिकाचा पडदा खाली सोडून त्यातून शरदातला चंद्र बघणं. संपली! कोणी रडत नाही, कोणाला बोल लावत नाही. मग नावात गाऱ्हाणं कशाला? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गिरगावचा_आप्पा
ताई, वस्तू बघा. जेडची पायरी आली की राजवाडा आला. रेशमी मोजे आले की ती दासी नाही, राणीवशातली कोणीतरी आहे. आता दव घ्या. डिसेंबरात पहाटे नॅशनल पार्कातल्या गवतातून चाललं तर मोजे लगेच ओले होतात. पण पायरीवर नुसतं उभं राहून? त्याला निम्मी रात्र जायला हवी. बाई जागची हललेली नाही. 'ती वाट बघत होती' हे न लिहिता ली बायनं मोजे भिजवले. (आपल्याकडे मोजे घामानंच भिजतात, म्हणून चटकन लक्षात येत नसावं.)

मला सगळ्यात भारी वाटतो तो पडदा. बाई आत आली, पडदा सोडला, म्हणजे आशा सोडली, आता झोपेल, असं आपण धरून चालतो. आणि पडदा निघतो स्फटिकाचा, आरपार दिसणारा! जाडजूड कापडाचा असता तर विषय तिथंच मिटला असता.

चष्मिष्ट
आप्पा, असं म्हटलं तर कशातूनही काहीही काढता येईल. मोजे बागेत फेरी मारतानाही भिजले असतील की.

गिरगावचा_आप्पा
काहीही नाही काढता येणार. एकाकी राण्यांवर कविता करायची तिकडे जुनी रीत. याच नावाची कविता पाचव्या शतकातल्या श्ये थ्याओनंही केलीय. त्यातही संध्याकाळी पडदा सोडतात, पण मोत्यांचा. काजवे उडतात, थांबतात. बाई रात्रभर रेशमी कपडे शिवत बसते आणि शेवटी सरळ म्हणते, तुझ्या आठवणीला अंतच नाही. ली बायनं रात्र ठेवली, रेशीम ठेवलं, पडदा ठेवला. नेमकी ती आठवणीची ओळ गाळली. वाचणाऱ्यांना जुनी कविता ठाऊक, त्यामुळे गाळलेलं त्यांना बरोब्बर ऐकू येणार. बागेतली फेरी त्यांच्या डोक्यातही येणार नाही.

पोथीवाला
आप्पांना +१. आपली गाथासप्तशती, म्हणजे प्राकृतातल्या छोट्या कवितांचा जुना संग्रह, आठवली. 'बाबा, आता खुशाल फीर, गोदाकाठच्या झाडीतल्या सिंहानं तुला त्रास देणारा तो कुत्रा मारला' असं ती बाई त्या धार्मिक माणसाला सांगते. हेतू उलटा: तू या झाडीकडे फिरकू नकोस, इथं माझं कोणीतरी भेटायला येतं. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनानं नवव्या शतकात ध्वनी (न सांगता सुचवलेला अर्थ) समजावताना हीच गाथा घेतलीय.

चष्मिष्ट
श्ये थ्याओ पटला, मोजे मागे घेतो. गाथा मात्र इथं बसत नाही. ती बाई बोलून समोरच्याला बनवतेय. ही तोंडच उघडत नाही, आणि तिच्यासमोर कोणी नाहीच. दोन्हीला एकच ध्वनी म्हणायचं का, यावर पोथीवाल्यांनी सवडीनं लिहावं. आणि आप्पा, श्ये थ्याओचं आणखी काही असेल तर टाका.