लस देऊनही मानमोडी का येते?

लस टोचूनही मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने, परसातल्या कोंबड्या दगावल्या, तेव्हा लशीचा उपयोग काय, हा आपला प्रश्न रास्त आहे. मात्र दोष बहुधा लशीचा नसून ती हाताळण्याच्या पद्धतीचा असतो. ही जिवंत विषाणूंची लस असल्याने ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच टिकते. दवाखान्यातून आणताना ती बर्फाच्या थर्मासऐवजी खिशातून आणली, किंवा विरघळवल्यानंतर दोन तासांहून अधिक काळ ठेवून वापरली, तर पिल्लाच्या डोळ्यात पडणारा थेंब निरुपयोगी ठरतो. पाण्यातून लस देताना क्लोरीनयुक्त नळाचे पाणीही तिला निष्प्रभ करते.

पहिल्या आठवड्यात लासोटा या मानमोडीच्या लशीचा थेंब दिला म्हणजे काम संपले, असे समजणे ही दुसरी चूक, कारण ते संरक्षण काही आठवड्यांत ओसरते आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी लशीचे इंजेक्शन द्यावेच लागते. पिल्ले आधीच आजारी किंवा जंताने पोखरलेली असतील तर लस पुरेशी लागू पडत नाही, म्हणून आधी जंतनाशक द्यावे.

सर्वांत कळकळीने सांगायचे ते आठवडी बाजाराविषयी. तिथून आणलेली तलंग (तरुण कोंबडी) वरवर धडधाकट दिसली तरी तिला किमान दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्यात, वेगळ्या भांड्यांनिशी ठेवावे आणि तिचे दाणापाणी सर्वांत शेवटी करावे. त्याचप्रमाणे, न विकली गेलेली कोंबडी बाजारातून परत खुराड्यात सोडू नये. ही खबरदारी फारच थोडे लोक घेतात.