मेफ्लॉवर सोसायटी: अडचण कागदांची

मेफ्लॉवर सोसायटी म्हणजे १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून इंग्लंडहून अमेरिकेत आलेल्या प्रवाशांच्या वंशजांची संस्था. ‘हा खानदानी श्रीमंतांचा क्लब’ असं तिच्याबद्दल म्हटलं जातं, ते मत मला अर्धंच पटतं. १८९७ साली ती सुरू करणारे प्रतिष्ठित असतील, पण त्या जहाजावर सगळे काही बडे लोक नव्हते. जॉन हाउलंड तर नोकर म्हणून आला होता. वादळात तो समुद्रात फेकला गेला, पाण्यात लोंबकळणारा शिडाचा दोर हाताला लागला म्हणून वाचला. पुढे त्याला दहा मुलं झाली. त्याच्या वंशजांना आज सभासदत्व मिळतं, अट एवढीच की दर पिढीचा धागा जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदींनी जुळायला हवा.

मला खरा अन्याय दिसतो तो या अटीत. नियमात वर्णाचा उल्लेख नसला तरी, त्या प्रवाशांशी रक्ताचं नातं असलं तरीही, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांच्या वंशजांनी कागद आणायचे कुठून? १८५० आणि १८६० च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या होत्या. त्यांत नाव मालकाचं, गुलामाचं बहुतेक फक्त वय, लिंग आणि रंग. बहुतेकांची नावं पहिल्यांदा आली ती थेट १८७० मध्ये. वंशावळीच्या चर्चेत ही गोष्ट आधी यायला हवी.