हेवीवेट बॉक्सरचा मोठेपणा मोजायचा कसा? रेकॉर्डवर, की समोर कोण होतं त्यावर?

कोच_भांडुप

मंडळी, परवा सरावानंतर वडापावच्या गाडीवर झालेला वाद अजून डोक्यातून जात नाही, म्हणून इथे विचारतोय. मी भांडुपला एका छोट्या क्लबमध्ये संध्याकाळी पोरांना बॉक्सिंग शिकवतो. त्यातला एक सोळा वर्षांचा मुलगा म्हणाला, "सर, मार्सियानो ४९ पैकी ४९ जिंकला. अली पाच हरला. मग अली मोठा कसा?"

मी म्हटलं, समोर कोण होतं ते बघ.

तो घरून तयारी करूनच आला होता. म्हणाला, "जो लुई, वॉलकॉट, एझर्ड चार्ल्स, आर्ची मूर. चौघंही जगज्जेते. अजून काय पाहिजे?" त्यावर मला पटकन उत्तर देता आलं नाही. "ते म्हातारे झाले होते" एवढंच बोललो, आणि बोलता बोलताच कळलं की हे उत्तर कच्चं आहे. म्हातारे म्हणजे किती? आणि हाच नियम लावला तर टायसनने हरवलेल्या लॅरी होम्सचं काय? टायसनला हरवणाऱ्या लेनॉक्स लुईसचं काय?

प्रतिस्पर्धी किती तगडे होते हे मोजायची तुमची पद्धत काय? पोरगं हुशार आहे, त्याला वरवरचं काही सांगायचं नाहीये.

मैदान_दादर

सर, क्रिकेटवाल्याचं मत चालत असेल तर सांगतो. कांगा लीगमध्ये ओल्या विकेटवर काढलेल्या तीस रन आम्ही कोरड्या मैदानावरच्या शतकापेक्षा वर धरतो. स्कोअरबुकात मात्र तीसच दिसतात. बॉक्सिंगचं रेकॉर्डही तसंच असणार. जो लुईने २५ वेळा किताब राखला, पण त्यातल्या काही लढतींना त्या काळच्या पत्रकारांनीच "दर महिन्याला एक ढ" अशा अर्थाचं नाव ठेवलं होतं. मला स्वतःला २५ हा आकडा तरीही थोर वाटतो. बाकी जाणकार सांगतील.

रिंगसाइड_प्रभादेवी

भांडुपच्या सरांना नमस्कार. मी एकसष्ट वर्षांचा आहे. वीस-बावीस वर्षं स्थानिक स्पर्धांमध्ये रिंगच्या कडेला बसून गुण दिलेत. हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा, त्यामुळे थोडं लांबेल.

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात. लहानपणी वडील जत्रेतल्या कुस्त्यांना न्यायचे. तिथे कुस्ती लावण्याआधी पंच दोन्ही पैलवानांना शेजारी शेजारी उभं करून जोड बघायचे. मान, खांदे, मांड्या, अंगावरची माती सुकलीय की ओली, म्हणजे गडी आधीच एक कुस्ती खेळून आलाय का. नाव कितीही मोठं असो, त्या दिवशीची जोड बसली नाही तर लोकच ओरडायचे. बॉक्सिंग बघताना मी तेच धरून बसलो. माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. एकेका हेवीवेटच्या नावाखाली त्याचे प्रतिस्पर्धी, आणि प्रत्येकापुढे तीन रकाने: त्या दिवशीचं वय, त्याआधी काय केलं, त्यानंतर काय केलं. तिसऱ्या रकान्याने माझी बरीच मतं बदलली.

तुमच्या पोराची चार नावं घेऊ. लुई १९५१ मध्ये ३७ वर्षांचा होता. कराचं कर्ज डोक्यावर होतं म्हणून परत उतरला होता, आणि त्या रात्रीनंतर तो पुन्हा व्यावसायिक लढत खेळला नाही. हा विजय मी मार्सियानोच्या खात्यात जवळजवळ धरतच नाही. पण वॉलकॉट? तो ३८ चा होता म्हणून त्याला म्हातारा म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण तो जगज्जेता झाला तोच ३७ व्या वर्षी. १९५२ च्या त्या लढतीत त्याने पहिल्याच राउंडमध्ये मार्सियानोला खाली पाडलं आणि बारा राउंडनंतर तिन्ही पंचांच्या कागदावर तो पुढे होता. तेराव्यात मार्सियानोचा उजवा बसला आणि वॉलकॉट दोरावर घसरत खाली गेला. हा पूर्ण वजनाचा विजय आहे. मूर चाळिशी ओलांडलेला होता, पण त्याच वर्षी त्याने निनो व्हाल्डेस आणि बोबो ओल्सनला हरवलं होतं, आणि पुढेही कित्येक वर्षं लाइट हेवीवेटचा किताब त्याच्याकडेच होता. म्हणजे गडी जिवंत होता. चार्ल्सचा चांगला काळ सरत आला होता, तरी पहिल्या लढतीत तो पंधरा राउंड उभा राहिला आणि दुसऱ्या लढतीत त्याने मार्सियानोचं नाक फाडलं. तेव्हा मुलाला सांगा, त्याची यादी खोटी नाही. एक नाव वजा कर, तीन राहू दे.

आता अली. भक्तांना राग येईल, पण त्याच्या यादीतही वजाबाकी आहे. १९६६ ची क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्धची लढत लोक अलीचा सर्वोत्तम खेळ म्हणून दाखवतात. पाय बघा, हात बघा, सगळं खरं. पण विल्यम्सला दोन वर्षांपूर्वी एका पोलिसाची गोळी लागली होती, एक मूत्रपिंड गेलं होतं आणि गोळी शरीरातच होती. तो विजय मी अलीचं कसब म्हणून बघतो, प्रतिस्पर्ध्याची ताकद म्हणून मोजत नाही.

याउलट १९७४ चा फोरमन बघा. वय २५, चाळीस लढती, चाळीस विजय, त्यातले सदतीस नॉकआउट. अलीला हरवलेल्या फ्रेझिअर आणि नॉर्टन दोघांनाही त्याने दोन-दोन राउंडमध्ये गुंडाळलं होतं. आणि नंतर? वीस वर्षांनी, ४५ व्या वर्षी तेव्हाच्या जगज्जेत्या मायकेल मूररला पाडून तो पुन्हा जगज्जेता झाला. असा माणूस ऐन भरात असताना, किन्शासामध्ये, ३२ वर्षांच्या अलीने आठव्या राउंडमध्ये खाली घातला. मार्सियानोच्या पूर्ण यादीत या तोलाचा एकही विजय मला सापडत नाही. माझ्या लेखी उत्तर तिथेच आहे.

पराभवही वाचायचे असतात. नॉर्टनने १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडला तेव्हा त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं, आणि लोकांनी त्या पराभवाला अलीची घसरण म्हटलं. पण त्याच नॉर्टनने पाच वर्षांनी होम्सला पंधरा राउंड श्वास घेऊ दिला नाही. तिसरा रकाना भरल्यावर १९७३ चा पराभव वेगळा दिसायला लागतो.

होम्स-टायसनचंही तसंच. जानेवारी १९८८ मध्ये होम्स ३८ चा होता आणि जवळजवळ दोन वर्षं रिंगबाहेर होता. मी बरीच वर्षं हा विजय शून्य धरत असे. मग १९९२ मध्ये ४२ वर्षांच्या होम्सने ऑलिम्पिक विजेत्या, अपराजित रे मर्सरला हरवलं आणि होलिफिल्डसमोर बारा राउंड टिकला. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत त्याला वेळेआधी थांबवणारा टायसन एकटाच. मी खोडरबर घेतलं आणि शून्याच्या जागी आकडा लिहिला. आणि २००२ चा टायसन संपलेला होता म्हणून लुईसचा विजय कमी लेखणाऱ्यांनी जन्मतारखा बघाव्यात. लुईस त्याच्याहून मोठा होता.

व्लादिमिर क्लिश्कोबाबत मात्र मी हात टेकलेत. त्याच्या काळातला त्याच्या तोडीचा दुसरा हेवीवेट त्याचा सख्खा भाऊ होता, आणि एकमेकांशी लढणार नाही असा शब्द दोघांनी आईला दिला होता. तो रकाना कोणी कसा भरायचा?

सत्तावन्न_किलो

काका, तुमचं पोस्ट दोनदा वाचलं. एक चौथा रकाना मागते: कोणाशी लढलाच नाही.

माझंच सांगते. माझ्याकडे जिल्ह्याचं सुवर्णपदक आहे. आईने ते शोकेसमध्ये ठेवलंय, आल्यागेल्याला दाखवते. पण त्या वर्षी माझ्या वजनगटात आम्ही तिघीच होतो. मला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली आणि अंतिम फेरीत जी आली ती आदल्या दिवशी भुवई फुटून आली होती. मी सबंध लढतभर तिच्या पट्टीकडेच बघत होते. पदकावर यातलं काही कोरलेलं नाही.

म्हणून जॅक जॉन्सनबद्दल वाचताना मला वाईट वाटतं. पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता, त्याने काय काय सोसलं ते वेगळं सांगायला नको. पण १९०८ ला किताब मिळाल्यावर त्याने सॅम लँगफर्ड या तगड्या कृष्णवर्णीय बॉक्सरला एकदाही संधी दिली नाही. पुढे जगज्जेत्या जॅक डेम्प्सीच्या काळात कृष्णवर्णीय हॅरी विल्स वर्षानुवर्षं दावेदार होता, त्याचीही लढत झाली नाही, आणि तिथे वर्णभेद सरळ आड आला. मग डेम्प्सीचे प्रतिस्पर्धी मोजताना विल्सची रिकामी जागा मोजायची की नाही? मी म्हणते मोजायची. तो डेम्प्सीचा एकट्याचा दोष होता असं नाही, पण विल्सचं आयुष्य त्यात गेलं. रिडिक बोवेचंही तेच, त्याला तर कोणी अडवलंही नव्हतं. १९८८ ला सोलच्या ऑलिम्पिक फायनलमध्ये लुईसने त्याला हरवलं होतं, आणि व्यावसायिक झाल्यावर त्याने लुईसशी लढण्याऐवजी जगज्जेतेपदाचा बेल्टच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

रिंगसाइड_प्रभादेवी

ताई, चौथा रकाना आखला. पहिलं नाव विल्सचं.

कोच_भांडुप

काका, ताई, मनापासून आभार. काल सराव संपल्यावर त्या मुलाला तुमच्या पोस्ट वाचून दाखवल्या. क्लीव्हलँड विल्यम्सची गोष्ट ऐकून तो बराच वेळ हातावरची पट्टी गुंडाळत बसला. मग म्हणाला, "सर, मला उसिकचं पान करू द्या." युक्रेनचा हेवीवेट उसिक त्याचा लाडका. तोही डावखुरा, आणि त्याच्यासारखाच समोरच्यापेक्षा लहान अंगाचा.

गाडीवरच्या वर्तमानपत्राच्या कागदावरच त्याने आखणी केली. जोशुआ, २०२१, वय ३१, तीन मोठे बेल्ट त्याच्याकडे. फ्युरी, मे २०२४, वय ३५, तोवर अपराजित, वजनाने कितीतरी जड. त्याच डिसेंबरमध्ये फ्युरी पुन्हा. मग ड्युबॉइस. त्याला उसिकने २०२३ मध्ये हरवलं होतं, त्याने नंतर २०२४ मध्ये जोशुआला पाचव्या राउंडमध्ये पाडलं, आणि जुलै २०२५ मध्ये वेम्बलीवर उसिकने त्यालाच पाचव्या राउंडमध्ये पाडलं. चौथ्या रकान्यात काय लिहायचं यावर आमचं अजून जमलेलं नाही.

तिसऱ्या रकान्यात ड्युबॉइसपुढे त्याने काहीच लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "तेव्हा तो २७ चाच होता ना सर, थांबायला लागेल."