भोसरीतलं वर्कशॉप बंद करावं का?

प्रश्न:
भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, चार कामगार. गाड्यांच्या पार्टचं जॉबवर्क करतो. दिवाळीपासून काम निम्म्यावर आलंय, त्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडे चार महिन्यांची बिलं अडकलीत. काल भंगारवाला वडिलांच्या लेथचा किलोवर भाव सांगून गेला, जीव तुटला. काय करू?

उत्तर:
दादा, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? २००६ च्या एमएसएमई (लहान-मध्यम उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. अशा थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे तक्रार करा.

प्रश्नकर्ता:
नोंदणी आहे. पण तक्रार केली तर उरलंसुरलं कामही जाईल.

उत्तर:
भीती खरी आहे. आधी त्यांच्या अकाउंट्सवाल्याला गाठा. मुदत उलटून मार्चअखेर थकलेल्या बिलाची आयकरातली वजावट (१९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ४३बी(एच) होतं) त्यांना त्या वर्षी मिळत नाही. हे ऐकलं की बरेचदा पैसे सुटतात.

उत्तर:
लेथ किलोवर देऊ नका! बेड (लेथचा खालचा पाया) घासला नसेल तर चालवणारा गिऱ्हाईक मिळेल. आणि कर्ज असेल तर बँकेत हप्ता थकायच्या आधी जा. ९० दिवस उलटून खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) झालं की बोलणं अवघड.