हाताखालच्या माणसाला बोलता येतं का? – नेतृत्वाचे अनुभव

नेतृत्व म्हटलं की बोलणं लगेच दूरदृष्टी, धडाडी, करिष्मा यांवर जातं. मला त्याहून साध्या गोष्टीत रस आहे. हाताखालच्या माणसाला काही खटकलं, तर ते तो कुणाला, कुठे आणि कधी सांगू शकतो? सांगितल्यावर पुढे काय होतं? माझ्या मते साहेबाची, मुख्याध्यापिकेची किंवा कॅप्टनची खरी पारख इथेच होते.

कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेत दहा वर्षांच्या मुलांच्या छंदमंडळांवर प्रयोग केले. त्यांचा १९३९ सालचा निबंध आजही शिकवला जातो. एका मंडळाचा प्रमुख हुकूम सोडणारा, दुसऱ्याचा मुलांशी बोलून ठरवणारा, तिसऱ्याचा नुसता हजर राहणारा. हुकूम सोडणारा खोलीबाहेर गेला की मुलांचं काम ढेपाळायचं. बोलून ठरवणाऱ्याच्या मंडळात ते चालू राहायचं. पण ही सगळी मुलं एकाच देशातली होती. देश बदलला, शाळा बदलली, कामाचा प्रकार बदलला की काय होतं, ते ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं. संस्थांची आणि माणसांची नावं मात्र नकोत.

शस्त्रक्रियागृहातील परिचारिका

आमच्याकडे पोट शिवायला घेण्याआधी काउंट होतो. मॉप (रक्त टिपायची कापडं), गॉज, सुया, सगळं मोजायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा. एका सर्जनकडे "एक मॉप कमी आहे" म्हटलं की उत्तर यायचं, "नीट मोजता येत नाही का?" परिणाम असा झाला की नव्या मुली आकडा पुटपुटायला लागल्या. कमी भरला तर आधी स्वतःच खाली वाकून शोधायच्या, आणि तोवर तिकडे टाके पडायला सुरुवात झालेली असायची.

नंतर आलेले सर्जन अगदी कमी बोलणारे. तोच आकडा, तेच वाक्य. त्यांनी नीडल होल्डर, म्हणजे सुई धरायचा चिमटा, ट्रेमध्ये ठेवला, दोन्ही हात छातीशी धरले आणि म्हणाले, "सिस्टर, परत मोजू. मी थांबतो." मॉप चादरीच्या घडीत सापडला. पेशंटच्या पोटात काही नव्हतं. तरीही ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." त्या दिवसापासून त्या टेबलावर कुणी पुटपुटलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी सुरक्षा-यादी आणली, तिच्यात चीर देण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. अनेकांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. मला अजिबात वाटत नाही. जिने सुरुवातीला एकदा तोंड उघडलंय, तिला अडीअडचणीला पुन्हा उघडणं सोपं जातं. यादी भिंतीवर सगळीकडे लागली. सर्जन थांबतो की नाही, हे मात्र अजून सर्जनवरच आहे.

जर्मनीत उत्पादन विभागात काम करणारा अभियंता

माझ्या व्यवस्थापकाला सकाळची पाळी अर्धा तास आधी सुरू करायची होती. कारण रास्त होतं, माल वेळेवर निघत नव्हता. मला वाटलं, उद्या ईमेल येईल आणि विषय संपेल. तसं तिथे होत नाही. कामाच्या वेळा कधी सुरू होणार आणि कधी संपणार, हे कामगारांनी निवडून दिलेल्या परिषदेच्या संमतीशिवाय बदलता येत नाही. त्या परिषदेला बेट्रीब्सराट म्हणतात आणि हा कायदा आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

बैठकीत परिषदेच्या बाईंनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर त्या पाळीतल्या आईवडिलांच्या मुलांच्या पाळणाघरांच्या उघडण्याच्या वेळा होत्या. बाकी काही भाषण केलं नाही. व्यवस्थापक बराच वेळ तो कागद वाचत राहिला आणि मग म्हणाला, "मग माल आदल्या संध्याकाळीच गाडीत चढवता येईल का?" तोडगा तिथून निघाला.

मोठ्या कंपन्यांत हे वरपर्यंत जातं. १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळात, म्हणजे व्यवस्थापनावर लक्ष ठेवणाऱ्या मंडळात, निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना आहेत. समसमान मतं पडली तर अध्यक्षाचं जादा मत चालतं आणि अध्यक्ष सहसा भागधारकांकडचा असतो, त्यामुळे पारडं अगदी बरोबरीचं नाही. तरीही साहेबाचा स्वभाव चांगला निघेल या आशेवर बसावं लागत नाही, हा मला फार मोठा फरक वाटतो.

जपानी कंपनीतील नियोजन अधिकारी

जर्मनीच्या अगदी उलट चित्र. तिथल्या पहिल्या मोठ्या बैठकीत मी थक्क झालो. महत्त्वाचा प्रस्ताव, खोलीभर माणसं, आणि पाच मिनिटांत सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी खात्री झाली की इथे वरिष्ठांपुढे कुणाची बोलायची टाप नाही.

पुढच्या प्रस्तावाच्या वेळी माझ्या विभागप्रमुखांनी मला सोबत घेतलं. हातात एकच मोठा कागद आणि पेन्सिल. ते एकेका टेबलापाशी जात, खुर्ची ओढून बसत आणि विचारत, "यात तुम्हाला अडचण कुठे येईल?" देखभाल विभागातल्या एका वयस्क कर्मचाऱ्याने सांगितलं की यंत्र इथे बसवलं तर मागचा पॅनेल उघडायला जागा उरणार नाही. प्रमुखांनी तिथेच खोडून यंत्राची जागा बदलली. त्या कर्मचाऱ्याचं पद त्यांच्या कितीतरी खाली होतं. मग तो कागद विभागांमधून शिक्के घेत वर गेला. बैठक ही फक्त शेवटची पायरी होती. या आधीच्या फिरण्याला तिथे नेमावाशी म्हणतात.

विरोध होत होता, फक्त चारचौघांत होत नव्हता. कुणाला खाली पाहावं लागत नाही, हा फायदा. तोटाही सांगतो: एकदा शिक्के पडले की मागाहून लक्षात आलेली चूक बोलून दाखवणं महाकठीण. आणि नवखा माणूस, विशेषतः परदेशी, या टेबलांच्या फेरीत नसेल तर त्याचं मत कुठेच पोचत नाही.

पालक

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. आमचा मुलगा काही काळ जपानी प्राथमिक शाळेत होता. तिथे कायमचा मॉनिटर नव्हता. रोज पाळीने एखाद-दोन मुलं निच्चोकु, म्हणजे त्या दिवसाची जबाबदार. सकाळी वर्गासमोर उभं राहायचं, सगळ्यांना उभं करायचं, दिवसाचा कार्यक्रम सांगायचा, फळा पुसायचा, शेवटी वर्गाची वही भरायची. हुशार, मठ्ठ, लाजाळू, दंगेखोर, कुणाचीच पाळी चुकत नाही. आमचा मुलगा घरी पाहुण्यांसमोरही तोंड उघडत नसे. त्याच्या पाळीच्या दिवशी त्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला नाही, तेव्हा वर्गातला सगळ्यात दंगेखोर मुलगा बाकीच्यांना गप्प करत होता, असं बाईंनी सांगितलं. कारण दुसऱ्या दिवशी तिथे तोच उभा राहणार होता.

एकच मॉनिटर वर्षभर ठेवायची पद्धत बंद व्हावी असं मला मनापासून वाटतं.

प्रवासी विमानाची सहवैमानिक

आमच्या पेशात हा प्रश्न जिवावर बेतून सुटला. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी धावणाऱ्या विमानात फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती की समोरचं विमान अजून धावपट्टीवरच तर नाही ना. कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ माणूस. त्याने ठामपणे शंका झटकली. इंजिनिअर पुढे बोलला नाही. रेडिओवरचे संदेश एकमेकांत मिसळणं, धुकं, उशीर ही इतर कारणंही होतीच. पण ते एक गप्प बसणं आम्हाला प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा दाखवलं जातं.

१९७९ मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेतून कॉकपिट रिसोर्स मॅनेजमेंट पुढे आलं, म्हणजे कॉकपिटमधल्या प्रत्येकाने शंका बोलून दाखवायची आणि कॅप्टनने ती ऐकायची, याचं प्रशिक्षण. आज माझ्या कंपनीत नियम असा आहे की उतरताना दोघांपैकी कुणीही "गो-अराउंड" म्हणालं की विमान वर घ्यायचं. का, कशासाठी, हे खाली उतरल्यावर. मी एकदा म्हणाले. शेजारी वडिलांच्या वयाचे कॅप्टन. त्यांनी एक शब्द न बोलता थ्रस्ट लिव्हर पुढे ढकलले. दुसऱ्या फेरीत व्यवस्थित उतरलो आणि मग ते म्हणाले, "मला स्वतःला ते ठीक वाटत होतं. तरी तुला शंका आली तर पुन्हा असंच म्हण." मला त्यांच्याबरोबरचं प्रत्येक उड्डाण आवडायचं.

अग्निशमन अधिकारी

थोडा वेगळा सूर लावतो. धुराने भरलेल्या जिन्यात चर्चा नको. मी "मागे फिरा" म्हटलं की सगळ्यांनी मागे फिरायचं. त्या क्षणी मत विचारणारा प्रमुख माणसं गमावेल. पण गाडी ठाण्यात परतल्यावर आम्ही गोल बसतो आणि सगळ्यात नवीन जवानाला आधी बोलायला लावतो. तिथे माझ्या आज्ञेची चिरफाड झाली तरी चालते. ही बैठक ज्या ठाण्यात होत नाही, तिथे आज्ञेवरचा विश्वासही हळूहळू आटतो.

माध्यमिक शाळेतील शिक्षिका

नवीन माणसाने आधी बोलायचं, हे आमच्या दुसऱ्या मुख्याध्यापिका बाईंकडे पाहिलं. पहिल्या सरांच्या काळात सूचनावही शिपायाबरोबर वर्गावर्गांत फिरायची. वाचायचं, सही करायची, शिकवायला लागायचं. सर कामसू होते, प्रामाणिक होते, वेळापत्रक स्वतः बसून लावायचे. पण ते रजेवर गेले की शाळा अक्षरशः अडायची. लेविनच्या प्रयोगातल्या मुलांबद्दल वाचताना मला आमची शिक्षकखोली दिसत होती.

बाईंच्या पहिल्या सभेत विषय होता, उशिरा येणाऱ्या मुलांचं काय करायचं. आम्ही जुनी मंडळी सरसावून बसलो होतो. बाई म्हणाल्या, "जे सगळ्यात शेवटी रुजू झाले, त्यांच्यापासून सुरुवात करू. मी शेवटी बोलेन." नव्या शिक्षकांनी चाचरत सांगितलं की त्यांच्या वर्गात उशिरा येणारी मुलं रोज तीच आहेत आणि त्यांची बसच घंटेनंतर पोचते. आम्हा कुणालाच हे माहीत नव्हतं. फाटकाबाहेर उभं करायचा ठराव आमच्यापैकी बहुतेकांच्या मनात तयार होता. तो कुणी मांडलाच नाही. पहिल्या तासाची सुरुवातीची दहा मिनिटं वाचनाला द्यायचं ठरलं.

बाई सौम्य होत्या असं मात्र कुणी समजू नये. ठरलेलं पाळलं नाही तर त्या चांगल्याच कडक व्हायच्या.

निवृत्त लष्करी अधिकारी

बाईंची पद्धत आमच्याकडे जुनी आहे. लष्करी न्यायालयात सदस्यांचं मत विचारताना सर्वांत कनिष्ठापासून सुरुवात करतात. वरिष्ठ आधी बोलला तर पुढचे सगळे त्याच्या मागे जातील, हे शिस्तीच्या माणसांनीच ओळखलं होतं.

सॉफ्टवेअर टीमची प्रमुख

"आमच्याकडे कुणी बॉस नाही, सगळे समान" असं सांगणाऱ्या कंपनीत मी आधी काम केलं. निर्णय तरीही होत होते. ते संस्थापकांच्या जुन्या मित्रांच्या गप्पांत व्हायचे आणि आम्हाला झाल्यावर कळायचे. तक्रार कुणाकडे करायची हेच ठाऊक नसल्याने कुणी करत नसे. कडक साहेब असला तर निदान ठोठवायला दार तरी असतं.

म्हणून आता माझ्या टीममध्ये कोणता निर्णय कोण घेणार हे लिहून ठेवलंय. कुठलीही योजना पक्की करण्याआधी दोन दिवस ती सगळ्यांसाठी खुली असते आणि आक्षेप लेखी नोंदवता येतो. जे चारचौघांत बोलत नाहीत, ते लिहितात. गेल्या वेळी सगळ्यात उपयोगी आक्षेप इंटर्नचा होता. त्यामुळे रिलीज एक आठवडा पुढे गेलं आणि ते का गेलं, हे मी क्लायंटला स्वतः फोन करून सांगितलं.