मदत हवी आहे: क्लाउनफिशच्या अंगावरून पांढरा चिकट थर सुटतोय, दुकानदार म्हणतो तांब्याचं औषध टाका

अंत्रूजकन्या (फोंडा)

नमस्कार मंडळी. टँक माझा नाही, मुलाचा आहे. तो बोटीवर असतो आणि जाताना मासे माझ्या गळ्यात घालून गेलाय. तिकडे नेट मिळालं तर त्याचा मेसेज येतो, नाहीतर दोन-दोन दिवस पत्ता नसतो. म्हणून इथे विचारते.

तीन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, पाणी साधारण १५० लिटर. लाइव्ह रॉक (समुद्री दगड), थोडी वाळू, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), एक वेव्हमेकर (पाण्याला धार देणारा पंप). क्लाउनफिशची जोडी (मादी मोठी, नर तिच्या निम्मा), एक क्लीनर श्रिंप (कोळंबी), गोगलगायी आणि शंखातले खेकडे. मध्यंतरी मुलाच्या मित्राने "काकू, टँक किती रिकामा दिसतो" म्हणत एक निळा डॅमसेल मासा आणून सोडला. मी नको म्हणेपर्यंत पिशवी कापूनसुद्धा झाली होती.

त्यानंतर आठवडाभरात मादीच्या डोक्यावर पांढुरका डाग दिसला. मला वाटलं दगडाला घासली असेल. आता तो पाठीवर, बाजूंना पसरलाय आणि त्यातून शेंबडासारखे धागे लोंबतात. नारिंगी रंग फिका पडलाय. वेव्हमेकरच्या धारेत तोंड करून उभी असते, कल्ले भराभर हलतात. खाणं बंद. कालपर्यंत गोठवलेल्या मायसिसवर (बारीक कोळंबीसारखं खाद्य) झडप घालायची, आज वळूनही बघत नाही. नर खातोय, पण त्याच्याही शेपटीजवळ किंचित धुरकट दिसतंय. डॅमसेल ठणठणीत आहे.

आजच मोजलं: रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता १.०२५, तापमान २८ अंश, अमोनिया-नायट्राइट शून्य, नायट्रेट २०च्या आसपास, पीएच ८.१. आटलेलं पाणी भरून काढायला आरओचंच वापरते, विहिरीचं नाही.

दुकानदाराने फोटो बघितला, "व्हाइट स्पॉट आहे" म्हणाला आणि एक बाटली दिली, थेट टँकमध्ये टाका म्हणून. बाटलीवर कॉपर लिहिलंय. आता गंमत अशी, की मुलगा जाताना निक्षून सांगून गेलाय, "आई, तांबं म्हणून काही या पाण्यात जाता कामा नये." मी तर पाणीसुद्धा तांब्याने न घालता प्लॅस्टिकच्या मगाने घालते! काय करू? बाटली अजून उघडलेली नाही. चवथीची तयारी एकीकडे, घरात माणसांची ये-जा, आणि माझं सगळं लक्ष त्या मासळीकडे.

गप्पी१२ (रत्नागिरी)

मूठभर खडे मीठ टाकून बघा. आमच्या गप्प्यांना लगेच फरक पडतो.

खाऱ्या_पाण्याचा (पणजी)

अहो गप्पी१२, तो मासा खाऱ्या पाण्यातच आहे!

काकू, बाटली उघडली नाहीत हे फार बरं झालं. मुलगा बरोबर सांगून गेलाय. तांबं श्रिंप, गोगलगायी, खेकडे सगळ्यांना मारतं, शिवाय दगडात आणि वाळूत मुरून बसतं आणि पुढे कितीतरी दिवस पाण्यात झिरपत राहतं. तांब्याचा उपचार कधी करायचाच झाला, तर तो वेगळ्या टँकमध्ये.

पण मुळात हा व्हाइट स्पॉट वाटत नाही. त्यात मिठाचे दाणे चिकटल्यासारखे सुटे सुटे ठिपके असतात, मोजता येतील असे, आणि सुरुवातीला मासा खातही असतो. तुम्ही सांगता तो थर, लोंबणारे धागे, डोक्यापासून पसरत जाणं, उडालेला रंग, हे सगळं ब्रुकलिनेला म्हणून एक सूक्ष्म परजीवी आहे त्याच्याशी जुळतं. क्लाउनफिशना तो इतका होतो की त्याला 'क्लाउनफिशचा रोग' असंच म्हणतात. समुद्रातून पकडून आणलेल्या माशांत जास्त, टाकीत पैदास झालेल्यांत कमी. (पैदाशीचे क्लाउन आपल्याकडे होतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र बसवलंय. तरी दुकानांत पकडलेलेही मिळतात, आणि विचारलं तर उत्तर क्वचितच सरळ येतं.)

मुख्य मुद्दा हा, की ब्रुकलिनेलावर तांबं चालत नाही. म्हणजे बाटली ओतली असती तर श्रिंप गेला असता आणि मासाही वाचला नसता.

डिचोलीकर

थोडा असहमत. धारेत तोंड करून उभं राहणं आणि जोराचा श्वास ही वेल्व्हेट या दुसऱ्या परजीवी रोगाची लक्षणं आहेत. वेल्व्हेट दोन-तीन दिवसांत टँक साफ करतो. मी असतो तर हॉस्पिटल टँकमध्ये घेऊन आजच तांबं सुरू केलं असतं. रोगाचं नाव ठरवत बसण्यात मासा जातो.

खाऱ्या_पाण्याचा

घाई हवी हे शंभर टक्के मान्य. पण दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, त्यामुळे नाव न ठरवता औषध देणं म्हणजे निम्मा जुगार. काकू, रात्री खोलीतला दिवा घालवा आणि टॉर्च बाजूने, तिरका मारून बघा. वेल्व्हेट असेल तर अंगावर बारीक सोनेरी पूड भुरभुरल्यासारखी चमकते. ब्रुकलिनेलात ती नसते, नुसता चिकट थर. ओळखीत कुणाकडे सूक्ष्मदर्शक असेल तर अंगावरचा थर काचपट्टीवर घेऊन लगेच बघता येतो. ब्रुकलिनेला घेवड्याच्या बीसारखा दिसतो, कडेने केसाळ, आणि हळूहळू गोल फिरत सरकतो.

अंत्रूजकन्या

टॉर्च मारला. सोनेरी काही नाही. मादीचा थर मात्र दुपारपेक्षा वाढलाय.

शेजारची मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मी मादीला जाळीत धरलं, तिने काचपट्टी अलगद अंगावरून फिरवली आणि स्कूटरवर घेऊन गेली. आत्ता तिचा फोन आला: "काकी, घेवडाच घेवडा!" तर तुमचं निदान बरोबर दिसतंय. आता उपचार सांगा. हॉस्पिटल टँक म्हणून मुलाची जुनी ४० लिटरची काचपेटी आहे.

डिचोलीकर

मग माझी माघार. तांबं बाजूला ठेवा.

खाऱ्या_पाण्याचा

छान काम केलं शेजारणीने.

औषध फॉर्मेलिन. हो, तेच, जे मासळी टिकवायला घालतात या आरोपावरून २०१८च्या पावसाळ्यात गोव्यात एवढा गदारोळ झाला आणि बाहेरच्या मासळीवर बंदी आली. खायच्या मासळीत नको, पण आजारी माशाला अंघोळ घालायला अजूनही तेच कामाचं. शेजारणीच्या प्रयोगशाळेत असेल, पण नमुने ठेवायचं फॉर्मेलिन बहुतेक वेळा पाणी घालून पातळ केलेलं असतं. आपल्याला मूळ, ३७ टक्क्यांचं हवं, म्हणून बाटलीवरची चिठ्ठी नीट वाचा. तळाशी पांढरा साका बसला असेल तर ती बाटली नको, तो साका माशांना जास्त विषारी असतो.

ही अंघोळ वेगळ्या बादलीत घालायची. नवं मीठ कालवलेलं १० लिटर पाणी घ्या, तापमान आणि क्षारता टँकइतकीच. त्यात सिरिंजने मोजून दीड मिली फॉर्मेलिन. एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) आधीपासून जोरात सुरू पाहिजे, कारण फॉर्मेलिन पाण्यातला प्राणवायू कमी करतं आणि आपलं पाणी मुळात २८ अंशांचं, म्हणजे प्राणवायू आधीच बेताचा. मासा ३० ते ४५ मिनिटं ठेवायचा आणि तेवढा वेळ तिथेच बसायचं. चवथीच्या करंज्या तळत तळत हे होणार नाही! मासा आडवा पडायला लागला तर घड्याळ न बघता बाहेर काढा.

बाहेर काढून थेट हॉस्पिटल टँकमध्ये, जुन्या टँकमध्ये परत नाही. तिथे तळाला वाळू नको, दगड नकोत, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे पुरतात. पाणी तिथेही नव्याने कालवलेलंच घाला, टँकमधलं घेतलं तर परजीवीही सोबत येणार. फिल्टर नवा असल्यामुळे अमोनिया चढेल, म्हणून रोज मोजायचं आणि पाणी बदलायचं. एक दिवस सोडून पुन्हा अंघोळ, एकूण तीनदा.

फॉर्मेलिन हाताळताना हातमोजे घाला आणि हे सगळं पडवीत करा, स्वयंपाकघरात अजिबात नको. वास डोळ्यांत जातो, आणि तो कर्करोगकारक पदार्थ आहे. शेजारीण मदतीला असेल तर उत्तम.

फॉर्मेलिन आज रात्री मिळणार नसेल तर तोवर गोड्या पाण्याची अंघोळ. आरओ पाणी, तापमान टँकइतकं, चिमूट चिमूट खाण्याचा सोडा घालून पीएच ८.२ पर्यंत आणा, एअर स्टोन लावा, पाच मिनिटं ठेवा. रोग बरा होत नाही, पण बरेच परजीवी गळून पडतात आणि मासा एक रात्र तगतो.

मांडवीकाठ

खाण्यात लसणाचा रस द्या ना, सगळे देतात.

खाऱ्या_पाण्याचा

खात नसलेल्या माशाला वासाने भूक लागली तर लागली, तेवढाच उपयोग. परजीवी लसणाने मरत नाहीत.

अंत्रूजकन्या

काल रात्री गोड्या पाण्याची अंघोळ घातली. बादलीच्या तळाशी पांढरे धागे साचले, बघून किळस आली. आज शेजारणीने मूळ फॉर्मेलिन मिळवलं, पहिली अंघोळ झाली, दोघांचीही. नर नव्या पेटीत आल्यावर लगेच पाइपात शिरला. मादी बाहेरच उभी आहे, श्वास थोडा संथ वाटतोय, खात नाही. मध्येच वीज गेली, पण मुलाचा बॅटरीवरचा एअर पंप सापडला म्हणून निभावलं.

आता मोठ्या टँकचं काय? आणि नव्या पाण्यासाठी मीठ संपत आलंय. मिरामारहून समुद्राचं पाणी आणलं तर चालेल का? दिराची गाडी रोज पणजीला जाते.

मांडवीकाठ

मिरामारचं नको! मी रोज तिथे फिरायला जातो. मांडवी तिथेच समुद्राला मिळते आणि पावसाळ्यात सगळं गढूळ, गोडं पाणी घेऊन येते. चव घेतलीत तरी कळेल.

खाऱ्या_पाण्याचा

बरोबर. मांडवी आणि जुवारी दोन्हींच्या मुखाशी पावसात क्षारता धाडकन खाली येते, आणि चिखल, सांडपाणी असतं ते वेगळंच. पुडीचं मीठच आणा, या आठवड्यात बरंच लागेल.

आणि गाडी फिरतेच आहे म्हणून कुणी हौसेने किनाऱ्यावरचे प्रवाळाचे दगडही आणून देईल, ते घेऊ नका. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

मोठ्या टँकमध्ये सहा आठवडे एकही मासा नको. परजीवीला अंग मिळालं नाही की तो उपाशी मरतो. श्रिंप, गोगलगायी, खेकडे राहू द्या, त्यांना तो लागत नाही. फक्त श्रिंपला अधूनमधून मायसिसचा एखादा तुकडा टाका, कारण आता माशांचं उष्टं त्याला मिळणार नाही. दिवे, स्किमर, वेव्हमेकर नेहमीसारखे चालू.

म्हणजे डॅमसेलही बाहेर काढावा लागेल. ठणठणीत दिसला तरी रोग बाळगून असू शकतो, त्यालाही तीच अंघोळ. फक्त क्लाउनबरोबर एका पेटीत ठेवू नका. डॅमसेल भांडकुदळ असतो, आजारी मादीला टोचून टोचून हैराण करेल.

अंत्रूजकन्या

मादीने आज मायसिसचे दोन तुकडे घेतले. एक थुंकला, एक गिळला. थर पुष्कळ कमी झालाय. मुलाचाही मेसेज आला, "तांबं नाही ना घातलंस?" एवढाच.

पण डॅमसेल काही हाती लागत नाही. जाळी दिसली की दगडामागे. सगळे दगड बाहेर काढावे लागतील का? ते एकटीच्याने उचलणं जमणार नाही मला.

डिचोलीकर

दगड काढू नका काकू. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवा, म्हणजे नरसाळ्यासारखं तोंड होईल. दोरा बांधा, आत मायसिस टाका आणि टँकच्या कोपऱ्यात आडवी ठेवा. त्याआधी एक दिवस उपास घडवा त्याला. आत शिरतो, बाहेरची वाट सापडत नाही. माझे दोन असेच पकडलेत. आणि लक्ष ठेवा, नाहीतर श्रिंपच आधी आत जाऊन बसेल.